कर्ता, कर्म आणि कटाची आमटी

एकत्र कुटुंबाची निंदा करणाऱ्याचा मला कधी राग येत नाही. बिचाऱ्याने कधीतरी सकाळी सात वाजता खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दाराशी चौथा नंबर लावलेला असतो. त्याला बोलायचा हक्क आहे. माझा राग आहे तो स्तुती करणाऱ्यांवर. ही मंडळी बहुधा दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहतात, सणाला येतात, पहिल्या पंगतीला बसतात, 'अहाहा' म्हणतात आणि साडेचारच्या गाडीने परत जातात.

आमचे कोथरूडचे दाजी, म्हणजे चुलतबहिणीचे यजमान, हे यांतले अग्रगण्य. माणूस लाखात एक. पण आमच्या दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकले की त्यांचा आवाज बदलतो. व्याख्यानमालेत अध्यक्षांना होतो तसा.

आमचे घर साताऱ्यात. वाडा म्हणायची पद्धत आहे म्हणून वाडा म्हणायचे. निम्मा भाग आता आठवणींवरच उभा आहे. नाना (म्हणजे काका), काकू, माझी आई, दादा-वहिनी, आम्ही दोघे, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, शिवाय पोरे चार, अशी तेरा माणसे. गौरीपूजनाला पाहुणे धरून पाने बावीस. २०२५ साली गौरीपूजन आले १ सप्टेंबरला, सोमवारी. मी एक कॅज्युअल टाकली आणि पहाटे पाचला उठून 'काही मदत हवी का?' असे विचारले. 'वाटेत उभे राहू नका,' असे उत्तर आले. मी कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने पुन्हा आडवा झालो.

आठ वाजता चार किलो हरभऱ्याची डाळ शिजली होती, आमटीसाठी कट काढून ठेवला होता, डाळीत गूळ पडला होता आणि पुरण आटायला लागले होते. एवढ्यात गॅस गेला. यात घाबरण्यासारखे काही नव्हते, कारण दुसरा सिलिंडर भरलेला होता. तो फक्त जागेवर नव्हता. तीन दिवसांपूर्वी नानांनी तो शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. 'अडल्यावेळी नाही म्हणायचं का?' आमच्याकडे औदार्य नाना करतात. त्याची खबर स्वयंपाकघराला पुरण अर्धवट असताना लागते. दादा सिलिंडर परत आणायला गेला, तर त्यावर शेजाऱ्यांच्या गौरींचे पुरण शिजत होते! दुसऱ्याच्या गौरी उपाशी ठेवायच्या कशा? तो एजन्सीकडे गेला. एजन्सी उघडायची होती. तासाभराने तो पावशेर कंदी पेढे घेऊन परत आला. हात रिकामे कसे आणायचे, असे त्याचे म्हणणे.

तोवर सत्तरीच्या काकूने मागच्या पडवीतली चूल पेटवली होती. भाद्रपदातली ओली लाकडे. धुराने डोळे चुरचुरत होते. आम्ही तीन कर्ते पुरुष तिच्याभोवती उभे राहून सल्ले देत होतो. मी म्हणालो, वारा डावीकडून येतोय. नाना म्हणाले, पूर्वी घरात गॅस होता कुठे? धाकट्याने व्हिडिओ काढला.

मग नथ हरवली. धाकट्या लक्ष्मीची, मोत्याची, आजेसासूबाईंपासून आलेली. मुखवटे बसले, साड्या नेसवल्या, आणि एका लक्ष्मीचे नाक मोकळे! नानांनी घर डोक्यावर घेतले. 'एक वस्तू जागेवर राहत नाही! बायकांचं लक्षच नाही!' दोन तास शोध चालला. चारही पोरांची झडती झाली. त्यात नथ सोडून एक भोवरा, सहा बिल्ले आणि गेल्या वर्षी हरवलेली माझी लॉकरची किल्ली एवढा ऐवज मिळाला. धाकटी सून कोपऱ्यात डोळे पुसत होती, कारण पेटी आदल्या रात्री तिने उघडली होती.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. काकू पडवीतून आली, हात पुसले, सरळ नानांच्या टेबलापाशी गेली, त्यांच्या जुन्या चष्म्याची डबी उघडली, नथ काढली आणि लक्ष्मीला घातली. मग मोठ्याने म्हणाली, 'सापडली हो, चौरंगामागं पडली होती.' नाना म्हणाले, 'बघा! मी सांगत नव्हतो?'

पहिली पंगत दीडला बसली. कढी, अंबाडीची भाजी, पुरणपोळी, वर तुपाची धार. सोळा भाज्यांपैकी पंधराच भरत होत्या. माझ्या मुलीने कढीलिंब सोळावा ठरवला आणि गौरींनी तो निमूटपणे मान्य केला. धाकट्या पुतण्याने आरती पाठ म्हटली. मधले एक कडवे आमच्या घरच्या गाईगुरांसह त्याने स्वतःच रचले होते, तरी सगळ्यांनी ते मनापासून म्हटले. असे क्षण या घरातच मिळतात, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

तिसऱ्या पोळीला दाजी सुरू झाले. 'अहाहा! हे वैभव फ्लॅटमध्ये नाही. नाना, तुम्ही संस्था टिकवलीत. इथं बाईमाणसाला एकटेपण म्हणून कधी वाटत नाही.'

काकू तूप वाढत होती. ती थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'दाजी, मिळालं असतं तर बरं झालं असतं हो. रोज अर्धा तास.'

पंगतीत शांतता पसरली. मग ऐंशीच्या आत्या इतक्या हसल्या की त्यांची कवळी कटाच्या आमटीत पडली. ती काढणे, धुणे, बसवणे या गडबडीत काकूचे वाक्य वाहून गेले. मी मात्र ते एका स्लिपच्या पाठीवर टिपून ठेवले. त्याच स्लिपवर मग दिवसाचा हिशेबही मांडला. बँकेची सवय, दुसरे काय! चहाच्या फेऱ्या सात. पोळ्या एकशे अठरा. बायकांची पंगत बसली चार वाजून दहा मिनिटांनी. त्या सहाजणींत पोळ्या उरल्या होत्या पाच आणि एक फाटकी. कट संपला होता.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो, प्रत्येक नावेला जमा असते. आमच्या घरात नाव पडते काकूच्या हातून आणि जमा होते नानांच्या खात्यावर. कायदाही तसाच. हिंदू अविभक्त कुटुंब हे आयकराच्या हिशेबी स्वतंत्र करदाते. आम्ही बँकेत त्याचे खाते उघडतो, सही कर्त्याची. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने कायदा बदलून मुलींनाही जन्माने वाटा दिला. छान झाले. पण लग्न करून आलेली सून कुटुंबाची नुसती सदस्य. जन्माने वाटेकरी नाही, म्हणून कर्ताही नाही. चव्वेचाळीस वर्षे घर काकूने चालवले आणि व्याकरणात ती कर्ताही नाही, कर्मही नाही, निव्वळ क्रियापद!

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे निघाले. ९७ मिनिटे घरकाम करणारा पुरुष आमच्या वाड्यात दाखवा, तिकीट लावून बघायला येईन.

यात मी नाही असे समजू नका. २०२० च्या टाळेबंदीत बँका चालू होत्या, मी रोज जात होतो, आणि सप्टेंबरात करोना घेऊन आलो. चौदा दिवस माडीच्या दाराशी तीन वेळा ताट येत होते. बरा झाल्यावर मी सगळ्यांना कळवले, 'ही एकत्र कुटुंबाची ताकद!' ताट कोण आणते ते मला पावलांवरून कळत होते. सकाळी वहिनी, दुपारी ही, रात्री आई. पण नाव एकीचेही लिहिले नाही. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. इथे तर धनी जिना चढून येत होता.

म्हणून घर मोडा असे मी म्हणत नाही. ते मोडायला मी देणार नाही. या वयात मला वेगळा संसार झेपायचाही नाही. माझे भांडण 'अहाहा'शी आहे. ज्याला 'अहाहा' म्हणायचे असेल त्याने चार वाजून दहाच्या पंगतीला बसावे.

त्या दिवशी दाजींची साडेचारची गाडी चुकली, कारण ताई त्याच पंगतीत होती आणि फाटक्या पोळीवर आली होती. हळदीकुंकवाच्या बायका साडेपाचला यायच्या होत्या. वहिनीने काकूला माडीवरच्या झोपाळ्यावर नेऊन बसवले, दार लोटले आणि खाली येऊन आम्हां पुरुषांना सांगितले, 'अर्धा तास वर कोणी जायचं नाही. काही लागलं तर आपसांत विचारा.' नानांनी चहा कुठे असतो ते विचारले. मी विचारले, साखर कुठे असते. दादाने चाळणीऐवजी पुरणयंत्राची जाळी आणली.

वीस मिनिटांनी वरून हाक आली.

'अरे, पुरणाचं पातेलं भिजत घातलंत का कोणी?'

घातले नव्हते. तळाचा खरवडा दगडासारखा झाला होता. दाजींनी बाह्या वर सारल्या आणि काथ्या कुठे असतो ते विचारले. ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.