एकटीने जायचे तर कुठे : शहरात की डोंगरात?
(द्वितीय वर्ष, कला)

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तरीही सुट्टी लागली की आपली पावले डोंगराकडेच वळतात. निबंधाच्या वहीत निसर्गाची कूस असते, कॉलेजची सहल गडावर जाते आणि शहराच्या वाट्याला मात्र धूर, गोंगाट व गर्दी एवढीच विशेषणे येतात. अशा स्थितीत कोणी विचारले की, हाताशी दोन दिवस आहेत, गाठीला थोडे पैसे आहेत, बरोबर कोणी नाही, तर जावे कुठे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : “डोंगरात जा, मन मोकळे होईल.” माझे मत याहून वेगळे आहे. एकट्याने, त्यातही एकटीने, थोड्या पैशात पहिल्यांदाच बाहेर पडायचे असेल तर शहर निवडावे, असे मला वाटते. का, ते सांगते.

आधी हे मत कोणाचे आहे ते सांगितले पाहिजे. मी विश्रांतवाडीत राहते. आमच्या वाडीच्या नावात विश्रांती आहे, पण ती नावापुरतीच. खाली आळंदी रस्त्यावरची वाहने आणि डोक्यावरून लोहगावची विमाने. वर्षातून एकदा माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाताना आमच्या रस्त्याने जाते, तेवढा एक दिवस वाहने थांबतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काही काम नसताना प्रवास करणे ही गोष्ट आमच्या घरात कोणाला माहीत नव्हती. आई प्रवास करते तो माहेरचा, लग्नकार्याचा किंवा जत्रेचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका वाडीवरून गवंडीकामासाठी पुण्याला आले, तोच त्यांचा मोठा प्रवास. मी सुट्टीत डोंगर पाहायला जाते म्हटल्यावर ते म्हणाले, “डोंगर काय बघायचा त्यात? सरपणाला रोजच चढत होतो आम्ही.”

हे वाक्य मी हसण्यावारी नेले नाही, कारण त्यात एक मोठा मुद्दा आहे. डोंगर हे विश्रांतीचे ठिकाण आहे, ही कल्पना डोंगरातल्या माणसाची नव्हे. ती सपाटीवरच्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाची आहे. आपल्याकडे ती फार जुनीही नाही. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वरला साहेबांची वसाहत उभी राहू लागली. माथेरान ‘शोधले’ ते १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने. शोधले म्हणजे काय? त्या डोंगरावरच्या पायवाटा ठाकर-धनगरांना काय ठाऊक नव्हत्या? परंतु त्या वाटांनी ते सरपणाला, मधाला, गुरांमागे जात होते. हवा खायला कोणी जात नव्हते. हवा खाणारा आला आणि डोंगराचे ‘थंड हवेचे ठिकाण’ झाले.

डोंगरात राहणाऱ्याला डोंगर कसा दिसतो, हे आमच्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगरकडा कोसळून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग ओढवला. ज्या पावसात आपण धबधबे पाहायला निघतो, त्याच पावसात त्या घरांतली माणसे रात्री कान देऊन जागी असतात. म्हणून डोंगर पाहूच नये असे मी म्हणत नाही. पण डोंगर म्हणजे शुद्ध आणि शहर म्हणजे भ्रष्ट ही वाटणी मला मान्य नाही. जे आपल्याला परके आहे ते पाहायला जावे, हा प्रवासाचा खरा नियम. पेठांत वाढलेल्या मुलीला गड परका असेल, तर तिने जरूर गडावर जावे. माझ्यासारखीच्या दोन पिढ्या डोंगर उतरून शहराच्या कडेला येऊन थांबल्या आहेत. कडेला राहणे म्हणजे शहर पाहणे नव्हे. आमच्यासाठी अजूनही शहरच परके आहे.

आता पैशाचा हिशेब पाहू, कारण आमच्यासारख्यांचे मत शेवटी पाकीट ठरवते. ‘डोंगर स्वस्त, शहर महाग’ असे सर्रास बोलले जाते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शिकवणीचे नऊशे रुपये माझ्याजवळ साठले होते. त्यात मी दोन दिवस दोन ठिकाणी गेले : एक दिवस मुंबई, एक दिवस जुन्नर. दोन्हीकडचा एका बाजूचा प्रवास शंभर-सव्वाशेच्या आत झाला. जुन्नर पुण्याहून सुमारे ९० किलोमीटर, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेत ती सवलत नाही. तेव्हा नुसत्या भाड्याकडे पाहिले तर जुन्नर स्वस्त पडते. पण मुख्य ठिकाणी उतरल्यावर पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईत उतरल्यावर लोकलचे तिकीट पाच रुपयांपासून सुरू होते. वडापाव एकाला एक मिळतो. समुद्राच्या कठड्यावर बसायला काही पडत नाही. शहरात प्रत्येक वस्तू एकेका माणसाच्या मापाने विकली जाते, कारण शहर एकट्याने पोट भरायला आलेल्या लाखो माणसांसाठी घडले आहे. डोंगराचा व्यवहार जथ्याच्या मापाने चालतो. जुन्नरहून मला नाणेघाटात जायचे होते. सोयीच्या वेळेला एसटी नव्हती, आणि जीपवाल्याने फेरीचे जे सांगितले ते माझ्या दोन दिवसांच्या सबंध खर्चाहून अधिक होते. तो लुबाडत नव्हता. आठजण असते तर तेच भाडे प्रत्येकी अगदी थोडे पडले असते. एकटीवर मात्र सबंध जीप पडते. डोंगर स्वस्त आहे तो चौघांना किंवा आठांना, हे सहलीचे गणित मांडताना आपण विसरतो.

यावर कोणी म्हणेल, मुंबईतल्या मुक्कामाचे काय? आक्षेप रास्त आहे. तिथे एका रात्रीच्या साध्या खोलीला जे मोजावे लागते, त्यात पुणे-मुंबईच्या तीन-चार फेऱ्या होतात. शिवाय खोली मिळेलच असे नाही. माझ्या एका मैत्रिणीने एका लॉजवर चौकशी केली, तर पहिला प्रश्न आला, “बरोबर कोण आहे?” कोणी नाही म्हटल्यावर खोलीही नाही. यावर माझा उपाय सरळ आहे : मुक्कामच करू नये. पुण्याहून पहाटेपासून मुंबईच्या गाड्या आहेत. १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी आजही सकाळी निघून संध्याकाळी परत फिरते. त्या गाडीने नोकरदार माणसे रोज जाऊन येतात, मग आपण सुट्टीत एकदा का जाऊ नये? दोन दिवस असतील तर दोनदा जावे आणि रात्री आपल्या घरच्या सतरंजीवर निजावे. ज्या घरात मुलीने रात्र बाहेर काढण्याला परवानगी नाही, त्या घरातल्या मुलीलाही हा प्रवास करता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, एकांताचा. डोंगराचे भक्त म्हणतात, डोंगरात माणूस स्वतःशी बोलतो. असेलही. जुन्नरला मी शिवनेरी चढले. सात दरवाजे ओलांडून शिवाईच्या देवळात आणि पुढे शिवजन्मस्थानापर्यंत गेले. तिथे शाळांची मुले होती, कुटुंबे होती. मला काडीचीही भीती वाटली नाही. मग गावाच्या पश्चिमेला तुळजा लेण्यांकडे गेले. तिथे चिटपाखरू नव्हते. वर्णनात वाचतो तशी अगदी गाढ शांतता होती. पण त्या शांततेत लेणी पाहण्याऐवजी मागून कोणी येते का, हेच मी पाहत राहिले. एक सुकलेले पान वाजले तरी मान वळत होती. कोणी आले नाही, काही झालेही नाही. परंतु माझा सारा वेळ पहारा करण्यात गेला. याला एकांत म्हणता येईल का?

याउलट मुंबईत मी टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर तासभर बसले. १८३३ साली बांधून झालेली ती इमारत, तिच्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, आणि पायऱ्यांवर आपापली पुस्तके उघडून बसलेली मुले-मुली. समोरून शेकडो माणसे जात होती. माझ्याकडे कोणीही पाहिले नाही, कोणाची मुलगी, कोणत्या गावची, इथे काय करतेस, असे कोणी विचारले नाही. मी वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर बसून चार पाने सलग लिहिली. पुढे चालत जाऊन राजाबाई टॉवर पाहिला, १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या आवारातला. लोकलमध्ये महिलांचा डबा होता. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर स्त्रियांसाठी खास लोकल सुरू झाली, इतका त्या शहराने एकटीने प्रवास करणाऱ्या बाईचा हिशेब धरला आहे. शहरात धक्के बसत नाहीत, वाईट नजरा नसतात, असे मी म्हणणार नाही. पण तिथे ओरडले तर ऐकायला माणसे आहेत. निर्धास्तपणा असेल तरच एकांत भोगता येतो. पुरुषाला तो डोंगरात मिळत असेल. बाईला तो पुष्कळदा गर्दीतच मिळतो. ‘मन मोकळे करायला डोंगरात जा’ असे सांगणाऱ्या बहुतेक पुस्तकांचे लेखक पुरुष आहेत, हे यामागचे कारण असावे.

दुसऱ्या बाजूचे एक म्हणणे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. डोंगर चढताना शरीराची जी परीक्षा होते, ती शहरात होत नाही. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेल्यावर जुन्नरचे खोरे दिसते, तेव्हा छाती भरून येते, हेही खरे. माझा विरोध डोंगराला नाही. डोंगर एकट्याच्या थोडक्या वेळेचा आणि थोडक्या पैशांचा सोबती नाही, एवढेच म्हणणे आहे. शेवटची एसटी चुकली तर डोंगर दुसरी देत नाही. पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी नसते. म्हणून डोंगराला सोबतीने जावे, आणि त्यातही तो डोंगर ओळखणाऱ्याच्या सोबतीने जावे.

आणखी एक गोष्ट. शहर आणि डोंगर ही जोडी आपण समजतो तितकी विजोड नाही. नाणेघाटाचेच पाहा. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची मोजदाद आहे. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगरात बाजाराचा गलबला होता. कल्याण बंदराचा माल घाट चढून जुन्नरला येत होता, आणि त्याच व्यापाराच्या पैशातून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी कोरली गेली. तिकडे मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, त्यांच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. ज्यांना डोंगरावाचून चैन पडत नाही, त्यांनी दादरला गाडी बदलून बोरिवली गाठावी आणि कान्हेरी पाहावी. सोमवार तेवढा टाळावा, त्या दिवशी उद्यान बंद असते. शहराच्या पोटातला हा डोंगर लोकलच्या वाटेवर भेटतो.

तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींना माझे सांगणे असे. ‘जाऊ कुठे’ याआधी ‘आपण किती जण आहोत’ हे विचारा. चौघी असाल तर गड गाठा. एकटीच असाल, पैसे थोडे असतील आणि घरची परवानगी दिवेलागणीपर्यंतचीच असेल, तर त्या परवानगीची वाट मोठी होईपर्यंत घरात बसून राहू नका. सकाळच्या गाडीने शहर गाठा. आणि कॉलेजच्या सहल समितीला विनंती अशी की, दरवर्षीच्या गडांबरोबर एखादी सहल ग्रंथालय, संग्रहालय आणि बंदर पाहायलाही न्यावी. आमच्यातल्या अनेकांच्या घरी ही ठिकाणे दाखवणारे कोणी नाही.

नाणेघाट माझा राहिला आहे. येत्या मे महिन्यात तिथे जायचे ठरले आहे, पण एकटीने नव्हे. आण्णा बरोबर येणार आहेत. “सरपणाचाच डोंगर तो,” असे म्हणत का होईना, ते कबूल झाले आहेत. वाट त्यांनी दाखवायची आणि गुहेतल्या लेखात काय लिहिले आहे ते मी सांगायचे, असा आमचा करार झाला आहे.