रूपाची सनद

सांताक्रूझ स्थानकाच्या पश्चिमेस उतरून एस. व्ही. रोडने संध्याकाळच्या गर्दीत चालू लागले असता डोक्यावरच्या फलकांतून जे स्त्रीमुख क्रमाक्रमाने प्रकट होत जाते, दागिन्यांच्या पेढीवर, साडीच्या दुकानावर, वजन उतरवून देण्याची हमी घेणाऱ्या केंद्रावर आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या पाटीवर, ते वस्तुतः निरनिराळ्या स्त्रियांचे असूनही एकाच स्त्रीचे वाटते: उजळ, कृश, नितळ आणि पंचविशीपाशी कायमची थांबलेली. खाली पदपथावर भाजीच्या पिशव्या सावरीत ज्या सावळ्या, गव्हाळ, ठेंगण्या, स्थूल, थकलेल्या शेकडो स्त्रिया चालत असतात, त्यांपैकी एकीचाही चेहरा वर लावण्यायोग्य आजवर कोणास वाटलेला नाही. या तफावतीचे सगळे खापर हल्ली मोबाइलवर फोडण्याचा प्रघात पडला आहे. तो सर्वस्वी गैर आहे असे मी म्हणणार नाही. परंतु रूपाची सनद बाहेरून कोणीतरी द्यावी आणि स्त्रीने ती मुकाट्याने शिरोधार्य मानावी हा शिरस्ता आपल्याकडे मोबाइलच्या पुष्कळ आधीपासून चालत आलेला आहे, आणि त्याचे काही दाखले आमच्या या उपनगरातच सापडण्यासारखे आहेत.

जुहू तारा रोडवर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे विस्तीर्ण संकुल आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी या विद्यापीठाची स्थापना केली ती १९१६ साली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर येऊन बालगंधर्वांच्या रुक्मिणीने अवघा महाराष्ट्र वेडा केला. स्त्रीच्या बुद्धीस स्वतःची पदवी मिळावी अशी तजवीज ज्या वर्षी झाली, त्याच वर्षी तिने पदर कसा घ्यावा, अंबाडा कसा बांधावा आणि मान किती लववावी याचा वस्तुपाठ नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक पुरुष, म्हणजे हेच बालगंधर्व, तिला घालून देत होता, आणि मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया त्याचे लुगडे, त्याचे दागिने व त्याची चाल यांचे निष्ठेने अनुकरण करीत होत्या. बालगंधर्वांच्या नावाचा आणि छबीचा उपयोग करून माल खपवण्याची युक्तीही तेव्हाच्या व्यापाऱ्यांना साधली होती. तथापि त्या मोहिनीत एक गोष्ट स्त्रियांचे रक्षण करीत असे. समोर दिसते ती स्त्री नव्हे, हे प्रेक्षागृहातील पोरासोरांनाही ठाऊक होते. त्यामुळे पाहणारीने लुगडे उचलले, देह उचलला नाही. उत्तरवयात बालगंधर्वांचे शरीर स्थूल झाले तरी त्यांच्या नायिकेस कोणी पदच्युत केले नाही, हेही त्या काळाच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पुढे रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या कुंचल्यांतून दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर ज्या लावण्यवती अवतरल्या, त्याही पाहणारास आपण चित्र आहोत हे प्रामाणिकपणे सांगत असत. खरा पालट झाला तो साबणाने. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. या साबणाची शिफारस करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. आपल्यातलीच एक सुशिक्षित मराठी स्त्री, तिची खरीखुरी त्वचा आणि शेजारी काही आण्यांत मिळणारी वडी, अशी त्रिसूत्री एकदा छापून आल्यावर रूप हे दैवाचे देणे न राहता खरेदीची बाब ठरले. आणि जे विकत घेता येते ते न घेणारीकडे दोष जातो, हा त्याचा न छापलेला अर्थही घरोघर पोहोचला.

आता विमानतळाकडे वळू. सांताक्रूझ विमानतळ हे नाव आज जुन्या मंडळींच्या तोंडीच उरले आहे, पण येथील कलिन्यात एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत वर्षानुवर्षे नांदली. इस्त्रीची साडी नेसून ड्यूटीवर निघालेली हवाई सुंदरी हे आमच्या भागातील मुलींचे पहिले जिवंत पोस्टर होते. त्या पोस्टरामागील सेवानियम मात्र फारच थोड्यांनी वाचले असतील. वयाची पस्तिशी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत झालेला विवाह, किंवा पहिले गरोदरपण, यांपैकी जे आधी घडेल त्या दिवशी तिची नोकरी संपावी, असा तो कायदा होता. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणींच्या प्रकरणात २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचे कलम भारतीय स्त्रीत्वाचा अवमान करणारे म्हणून रद्द केले, मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारे कलमही काढून टाकले. चार वर्षांच्या आतील विवाहाचे कलम मात्र कायम राहू दिले. वजनाचा काटा तर त्यानंतरही हलला नाही. २००९ च्या आरंभी याच कंपनीने वजन अधिक भरते या कारणास्तव काही हवाई सुंदरींना बडतर्फ केले. फलकावरील स्त्री जेव्हा नोकरीच्या अटींत उतरते, तेव्हा सूचनेचा हुकूम होतो, तो असा.

आणि हीच हवाई सुंदरी पुढे गोरेपणाच्या जाहिरातीत शिरली, हा योगायोग नव्हे. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली बाजारात आणलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमच्या एका कुप्रसिद्ध दूरचित्रवाणी जाहिरातीत, मुलगा नाही म्हणून हळहळणाऱ्या बापाची सावळी कन्या ते क्रीम लावून गोरी होते, हवाई सुंदरीची नोकरी पटकावते आणि आईबापांना थाटाच्या हॉटेलात नेते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारीचा नेटाने पाठपुरावा केला, सरकारी नोटिसा निघाल्या आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागे घेण्यात आली. क्रीम राहिले. जाहिरातदारांच्या स्वनियामक परिषदेने २०१४ साली असे नियम केले की सावळ्या व्यक्तीस दुःखी, अपयशी किंवा अनाकर्षक दाखवू नये. आणि २०२० च्या जुलैत, आमच्यापासून दोन स्थानके पलीकडे अंधेरीत मुख्यालय असलेल्या त्या कंपनीने नावातील 'फेअर' काढून तेथे 'ग्लो' बसवले. पाटी बदलली म्हणून पेढी बदलत नाही, हे आपण व्यवहारात जाणतो.

माध्यमांना दुसरे काही करताच येत नाही असे मात्र नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले तेव्हा मराठी बातम्या वाचण्यास जी सावळी, तेजस्वी डोळ्यांची मुलगी बसू लागली ती स्मिता पाटील. पुढे 'जैत रे जैत'पासून 'उंबरठा'पर्यंत तिने तो रंग लपवला नाही. उलट तिच्या रंगाच्या कितीएक मुलींनी तिला पडद्यावर पाहून प्रथमच मान सरळ केली असेल. एक चेहरा योग्य ठिकाणी बसवल्याने जर इतके साधते, तर उरलेले हजार फलक काय साधत असतील याचा हिशोब कठीण नाही. फिजी बेटांच्या नाद्रोगा प्रांतात, जेथे भरल्या अंगाची स्त्री हीच सुंदर मानली जाई, तेथे १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने शाळकरी मुलींची पाहणी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये केली, तेव्हा खाण्याविषयी विकृत कल दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. आणि वजन आवरण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या मुली, ज्या पूर्वी एकही नव्हत्या, त्या ११.३ टक्के झालेल्या होत्या. अवघी तीन वर्षे लागली.

परवा भाचीला पासपोर्टचा फोटो हवा म्हणून येथील एका स्टुडिओत तिच्याबरोबर गेले. फोटो काढल्यावर त्या तरुणाने, कोणी काही सांगण्यापूर्वीच, माऊसच्या दोनचार हालचालींत तिचा रंग उजळवला, गालावरचे डाग पुसले आणि हनुवटी किंचित कोरली. "असू दे ना, जसा आहे तसा," मी म्हटले. "काकी, सगळे हेच मागतात. नाही केलं तर परत येऊन भांडतात," तो म्हणाला, आणि त्यात त्याची लबाडी नव्हती. पूर्वीही स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून वधूपक्षाची इच्छा पुरवीत; पण भाची त्या पडद्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मावशी, हीच बरी दिसते." तिला बालगंधर्वांची रुक्मिणी दाखवली असती तर ती आपण नव्हे हे तिला सांगावे लागले नसते. येथे मात्र जिच्याशी तुलना होत होती ती दुसरी कोणी नव्हती. तीच होती, दुरुस्त केलेली. आदर्श जोवर परका होता, तोवर त्याला नाकारण्याची मुभा होती. आता प्रत्येक मोबाइलमधील फिल्टर तो आदर्श मुलीच्या स्वतःच्या चेहऱ्यातून घडवून तिच्या हाती देतो, आणि आपल्याच सुधारलेल्या प्रतीविरुद्ध हरकत घ्यावी तरी कोणाकडे?

फ्रान्सने २०१७ पासून व्यावसायिक छायाचित्रांत मॉडेलचा देह बारीक किंवा जाड करून दाखवला असल्यास तसा शेरा छापणे बंधनकारक केले, नॉर्वेनेही २०२२ पासून जाहिरातींसाठी तसाच कायदा अमलात आणला, आणि आपल्या सरकारनेही तो मसुदा मागवून घेण्यास हरकत नाही. परंतु कायद्याचा अंमल फलकापर्यंत चालतो, दिवाणखान्यापर्यंत नाही. विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने अमेरिकेतील भारतीय स्त्रियांच्या मागणीनंतर २०२० मध्ये वर्णाची चाळणी काढून टाकली, तरी आमच्या ओळखीच्या घरांतून फिरणाऱ्या माहितीपत्रकांत 'गोरी, सडपातळ' हे शब्द अद्याप पहिल्या ओळीत असतात, आणि ते लिहिणारा हात बहुधा आईचा किंवा आत्याचा असतो. माध्यमे विकतात, कारण गिऱ्हाईक घरात तयार होऊन बाहेर पडते. तेव्हा पुढच्या लग्नसमारंभात वर्षादोनवर्षांनी भेटलेल्या मुलीला पाहताच "किती सुकलीस" किंवा "अंगानं भरलीस गं" असा तिच्या देहाचा पंचनामा करण्याआधी, ती सध्या काय शिकते आणि तिचे काम कसे चालले आहे, एवढे आपण बायकांनी तरी विचारावे. त्यासाठी ना कायदा लागतो, ना कोणाची परवानगी.