नोंद सापडली, पुढे?

२०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत झालेल्या उपोषणानंतर सरकारने जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि जालना जिल्ह्यात घरोघरी पणजोबांच्या नावाची शोधाशोध सुरू झाली. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर यांवरची धूळ झटकली गेली. नोंद सापडली तरी ती मोडीत किंवा निजामकाळातल्या उर्दूत; मग वाचणारा शोधा!

जातीच्या रकान्यावर बोट ठेवून झालं, की कागद पुन्हा कपाटात जातो. शेजारच्या रकान्यांतली जमीन, जन्म, मृत्यू मात्र वाचायचेच राहतात. बायका आणि भूमिहीन तर जमिनीच्या कागदांत क्वचितच भेटतात. म्हणून या अंकात आम्ही दप्तरासोबत आजीच्या आठवणी आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही घेतल्या आहेत. तुमच्या घराण्याचा कागद काय सांगतो, ते आम्हाला जरूर लिहा.