खेळाचा तास आणि चष्म्याचा नंबर

फळ्यावरील अक्षर दिसेनासे झाले की मुलाला पुढच्या बाकावर बसविले जाते. चष्मा मात्र लांबणीवर पडतो. चष्म्यानेच नंबर वाढतो, ही समजूत फैजपूरसारख्या महाविद्यालयाच्या गावातही भेटते. वस्तुतः नेत्रगोल लांबट वाढल्याने दृष्टी लघु होते. कमी नंबराची भिंगे देऊन ती वाढ थांबत नाही. विशिष्ट भिंगांनी किंवा अ‍ॅट्रोपिनच्या अतिसौम्य थेंबांनी तिची गती मंदावते खरी, पण तेही नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच; आणि चढलेला नंबर उतरत नाही तो नाहीच.

म्हणूनच दोष जडण्यापूर्वीचा उपाय मोलाचा. तो आहे दिवसाचा उजेड! तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर घालवावेत अशी मोहीम चालविली, आणि वर्षानुवर्षे चढत गेलेले अधू दृष्टीचे प्रमाण उतरू लागले. आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा! खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९३६ मध्ये ज्या फैजपुराने सामावून घेतले, तेथे मुलांपुरते मैदान अवघड नसावे. जूनचे वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी तो तास गणिताला देऊ नये.