शिनचॅनच्या बाबांचे मोजे

गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला पाहुणे होते. इथे हैदराबादेत कुणी पुरणपोळीचा घाट घातला, की ओळखीतली मराठी मंडळी आवर्जून येतात, तशी आली होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी शेवटी बसले. दुसरी पोळी ताटात घेतली, तेवढ्यात आमचे सहा वर्षांचे चिरंजीव कमरेवर हात ठेवून, नाकातून आवाज काढत म्हणाले, "आई, अजून एक? मग तू दारातून मावणारच नाहीस!"

टेबलाभोवती हशा पिकला. मीही हसले. पोळी मात्र तशीच राहिली.

रात्री ओटा पुसता पुसता मी जाहीर केलं, "उद्यापासून शिनचॅन बंद." आवाज त्याचाच होता, ओळखायला वेळ लागला नाही. घरात मराठी, शाळेत इंग्रजी नि तेलुगू आणि टीव्हीसमोर शिनचॅनचं हिंदी, अशी आमच्या मुलाची भाषा झाली आहे. नवऱ्याने मोबाइलमधून मान वर न करता "बरं" म्हटलं. विरोध आला तो सासूबाईंकडून.

"अगं, दुपारी मीच बघते की त्याच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "बंद कर हवं तर. पण आधी एकदा बसून बघ तरी."

म्हणून मी आठ दिवस बसून बघितलं.

तुमच्या घरी लहान मूल असेल, तर शिनचॅन नोहारा हा पाच वर्षांचा वात्रट मुलगा तुम्हाला ठाऊक असेलच. जाड भुवया, बालवाडीचा गणवेश, चोकोबी नावाच्या खाऊचं वेड आणि शिमला मिरचीशी उभं वैर. टोकियोजवळच्या कासुकाबे शहरात तो आईबाबा, धाकटी बहीण हिमावारी आणि शिरो नावाच्या पांढऱ्या कुत्र्यासोबत राहतो. मूळ जपानीत आई मिसाए आणि बाबा हिरोशी. हिंदीत येताना त्यांची मित्सी आणि हॅरी झाली.

मला चकित करणारी गोष्ट पुढे आहे. शिनचॅन मुळात मुलांसाठी नव्हताच. योशितो उसुई या चित्रकाराने १९९० मध्ये त्याची चित्रकथा सुरू केली, ती मोठ्यांसाठीच्या एका साप्ताहिकात. १९९२ मध्ये ती टीव्हीवर आली आणि मुलांनी तिचा ताबा घेतला. उसुई २००९ मध्ये डोंगरात पडून वारले, तरी मालिका आजही चालू आहे. आपल्याकडे ती २००६ मध्ये हंगामा टीव्हीवर आली. पालकांच्या तक्रारी वाढल्या, २००८ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि पुढे काटछाट होऊन ती परत आली. म्हणजे ओटा पुसताना बंदी घालणारी मी काही पहिली नव्हते!

जपानी पालकही काही वेगळे नाहीत. तिथल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत 'मुलांनी बघू नये असं वाटणारे कार्यक्रम' विचारले जायचे, तेव्हा शिनचॅन वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत असायचा. आणि गंमत बघा, त्याच्या कासुकाबे शहराने मात्र मुलं वाढवणाऱ्या कुटुंबांच्या मदतीच्या कामासाठी चेहरा म्हणून निवडलं ते याच कार्ट्याला.

हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, ते मला बघता बघता उमगत गेलं.

या मालिकेतले विनोद ऐकताना मूल एका गोष्टीला हसतं आणि शेजारी बसलेला मोठा माणूस दुसऱ्याच. हॅरी पस्तिशीचा नोकरदार. घराचं कर्ज फेडायला अजून बत्तीस वर्षं आहेत, आणि हे वाक्य मालिकेत पुनःपुन्हा येतं. सहा वर्षांच्या मुलाला त्यात काय कळणार? मी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खळखळून हसले, कारण आमच्या घराचे हप्ते अजून चौदा वर्षं आहेत. मित्सी सेल लागला की पिशवी घेऊन धावते, दुपारी झोप काढते, नवऱ्यापासून लपवून पैसे बाजूला ठेवते. चांगला खाऊ स्वतःसाठी कपाटात दडवते. (मीही दडवते. डाळीच्या डब्यामागे.) आणि हॅरीच्या पायांना इतका वास येतो की त्याचे मोजे म्हणजे घरातलं जणू एक हत्यारच.

काही विनोद भाषांतराच्या पलीकडचे आहेत. जपानी घरात बाहेरून येणारा 'मी आलो' या अर्थाचं 'तादाइमा' म्हणतो आणि घरातलं माणूस 'ये, आलास का' या अर्थाचं 'ओकाएरी' म्हणतं. शिनचॅन नेमकं उलटं करतो. बाहेरून येतो तो आणि आईलाच 'ओकाएरी' म्हणतो. ती रोज सुधारते, तो रोज चुकतो. मला हे फार आवडलं. 'जातो' म्हणायला निघालेल्याला 'येतो म्हणावं' असं बजावणाऱ्या घरात वाढले आहे मी. दारातल्या एका शब्दात किती घर असतं, हे आपल्याला सांगायला नको.

आता जे खटकलं तेही सांगते. आईच्या जाडीवरचे विनोद सतत आहेत. रस्त्यात दिसणाऱ्या तरुण मुलींच्या मागे लागणं आहे. कपडे काढून नाचणं आहे. आणि मित्सी चिडली की मुलाच्या डोक्यात टेंगूळ येईपर्यंत गुद्दे घालते, तेही हसण्यावारी नेलं जातं. मोठ्या माणसाला कळतं की हे अतिशयोक्त आहे. सहा वर्षांच्या मुलाला ते आपोआप कळत नाही, कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. त्यामुळे या मालिकेवर तक्रार करणाऱ्यांना मी बुरसटलेले म्हणणार नाही.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आवडली नाही.

नोहारांच्या घरात हसण्यातून कुणीच सुटत नाही. बाबांचे मोजे, त्यांचा पगार, आईची झोप, आईचे सेल, मुलाचा निर्लज्जपणा, सगळ्यांची पाळी येते. आणि जिच्यावर विनोद झाला ती मित्सी गप्प बसत नाही. ती ओरडते, उलट बोलते, घर डोक्यावर घेते. शेवटी सगळे एकाच टेबलाशी जेवायला बसतात.

मग मी आमच्या घराचा हिशेब मांडला. आमच्याकडे हसं कुणाचं होतं? आईच्या इंग्रजीचं. आई रस्ता चुकते त्याचं. आईच्या वजनाचं. रात्री जेवताना नवरा व्हॉट्सॲपवर आलेले बायकोवरचे विनोद वाचून दाखवतो, त्याचं. बाबांच्या घोरण्यावर मात्र आमच्याकडे एकही विनोद नाही. ते दमलेले असतात ना! आणि आई? आईने हसायचं असतं. नाही हसली तर "एवढं काय लागलं तुला?"

'दारातून मावणार नाही' हे वाक्य तर मला मालिकेत कुठेच ऐकू आलं नाही. ते आमच्याच जेवणाच्या टेबलावरचं होतं. शिनचॅनने फक्त आवाज पुरवला होता.

त्या रात्री मी नवऱ्याला हे सांगितलं. भांडण झालं नाही, पण तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी तू पोळी खाल्ली नाहीस, ते मी पाहिलं होतं." पाहिलं होतं आणि तरी हसला होता, हे ऐकून मला आधी रागच आला. पण त्याने ते कबूल केलं, हेही खरं.

शनिवारी आम्ही चौघांनी मिळून शिनचॅनचा एक जुना चित्रपट बघितला. केइची हारा यांनी दिग्दर्शित केलेला, २००१ सालचा. त्यात शहरातली सगळी मोठी माणसं जुन्या दिवसांच्या सुगंधाला भुलतात, मुलांना विसरतात आणि स्वतःच पुन्हा लहान होतात. हॅरीही मनाने लहान मुलगा झालेला असतो. १९७० सालच्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात हरवलेला, आईबाबांजवळ हट्ट धरून रडणारा. शिनचॅन त्याला शोधून काढतो, पण बाबा मुलाला ओळखतच नाहीत. मग शिनचॅन काय करतो? बाबांचाच बूट काढून त्यांच्या नाकाला लावतो.

इतकी वर्षं ज्या वासावर सगळे हसत आले, तो वास. आणि तो नाकात जाताच हॅरीला सगळं आठवू लागतं. वडिलांच्या सायकलवर मागे बसणं, गाव सोडून टोकियोला येणं, नोकरीतली पायपीट, मित्सीची भेट, मुलाचा जन्म, घामेजून घरी परतणं. एकही शब्द नाही. नुसती चित्रं आणि संगीत. शेवटी तो मुलाला कवटाळून रडतो.

आमच्या सोफ्यावर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. "तुमचे सासरे गिरणीतून आले की असाच वास यायचा," एवढंच त्या नवऱ्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग हसल्या. "तुझे सासरे म्हणायचं होतं मला." चिरंजीव गंभीर झाले होते. थोड्या वेळाने उठून त्यांनी बाबांचा मोजा हुंगून बघितला आणि "ई!" केलं. तेव्हा घरात जे हसू फुटलं, त्यात बाबाही होते.

मला वाटतं, घरातल्या विनोदाची परीक्षा इथेच होते. हॅरीच्या पायांना वास येतो, कारण तो दिवसभर घरासाठी चालतो. हे ज्याला माहीत आहे, त्याने त्या वासावर खुशाल हसावं. जो फक्त नाक दाबतो, त्याने जरा थांबावं. माझं वजन दोन बाळंतपणांत वाढलं. त्यातलं एक बाळ आमच्या हाती लागलं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त विनोद करताना कुणाला आठवत नव्हतं.

शिनचॅन आमच्याकडे बंद झाला नाही. रोज अर्धा तास, आजी किंवा आई शेजारी असताना. गुद्द्यांचं दृश्य आलं की "हे खोटं आहे बरं का, खरं दुखतं" हे सांगायचं. आणि टेबलासाठी दोन साधे नियम केले आहेत. माणसाच्या शरीरावर विनोद नाही, आणि ज्याच्यावर विनोद केला, त्याला उलट विनोद करायचा पूर्ण हक्क. नवऱ्याच्या घोरण्यावर माझे तीन विनोद तयार आहेत. व्हॉट्सॲपचं जाहीर वाचन थांबलं आहे. अगदी पूर्ण थांबलंय असं नाही, पण आता वाचण्याआधी तो माझ्याकडे बघतो.

'ओकाएरी'ची गंमत मी मुलाला समजावून सांगितली होती. परवा शाळेची बस आली, मी दार उघडलं. पाठीवर दप्तर, बुटांना चिखल आणि चेहरा अगदी गंभीर.

"आलीस का, आई? दमलीस?"

मी म्हटलं, "अरे, हे मी विचारायचं असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि बूट न काढताच आत पळाला.

तुमच्या घरी जेवताना कोण कुणावर हसतं? आज रात्री जरा लक्ष ठेवून बघा. आणि सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसलं, तेही बघा.