पहिली लिपी आणि वडीलधाऱ्यांचा मान

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका निबंधावरून लहानसा वाद झाला. आमच्या पुतण्याच्या मुलीनें ‘माझें कुटुंब’ या विषयावर इंग्रजींत निबंध लिहिला होता. ‘माय मदर’, ‘माय ग्रँडफादर’ असें लिहितांना प्रत्येक नात्याच्या आरंभीं तिनें मोठ्या भक्तिभावानें पहिल्या लिपींतील अक्षर घातलें होतें. शाळेंतील बाईंनीं तीं सर्व मोठीं अक्षरें तांबड्या शाईनें खोडून तेथें लहान अक्षरें घातलीं. मुलीचे आजोबा, म्हणजे आमचे वडील बंधु, वही पाहून कष्टी झाले. “आजोबाला लहान करणारें हें कसलें व्याकरण रे?” असें त्यांनीं आम्हांस विचारलें.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. देवनागरींत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नाहीं; मान दाखवावयाचा तो आपण ‘आजोबा आले’ अशा आदरार्थी बहुवचनानें दाखवितों. इंग्रजी क्रियापदांत ही सोय नसल्यामुळें तो मान मोठ्या अक्षरांत सांठविलेला असावा, असें आपल्या मुलांना सहजच वाटतें. परंतु इंग्रजींतील हें मोठें अक्षर मानाची खूण नसून नांवाची खूण आहे.

याची परीक्षा सोपी आहे. नात्याच्या शब्दाच्या जागीं त्या व्यक्तीचें नांव घालून पाहावें. ‘आय आस्क्ड मदर’ या वाक्यांत ‘मदर’ऐवजीं ‘सीता’ घातलें तरी वाक्य शाबूत राहतें. म्हणून तेथें अक्षर मोठें. ‘आय आस्क्ड माय मदर’ येथें ‘माय सीता’ जुळत नाहीं, म्हणून लहान. माय, हिज, हर, अवर यांपैकीं कोणी पुढें उभा असला कीं नातें हें सामान्यनाम होतें. ‘अंकल रामचंद्र’ हें सगळें मिळून एक नांव, म्हणून मोठें. ‘माय अंकल, रामचंद्र’ यांत काकांचें नातें वेगळें पडलें, म्हणून लहान. आपले काका, मामा, आत्या हे शब्द इंग्रजी पत्रांत घातले तरी त्यांनाही हाच नियम लागू आहे.

नात्यांबाहेरही तोच न्याय. ‘किंग जॉर्ज’ यांतील किंग मोठा, पण ‘ही वॉज ए किंग’ म्हणतांना राजालाही सवलत नाहीं. ‘गोदावरी रिव्हर’ मोठी, नुसती ‘द रिव्हर’ लहान. वार आणि महिने मोठे. ऋतु मात्र लहान. या शेवटच्या भेदाला तर्क शोधूं नये, तो पाठच करावा.

हा नियम कांहीं अनादि नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजी मुद्रक बहुतेक सामान्यनामांनाही मोठें अक्षर देत. अमेरिकेची १७८७ सालची हस्तलिखित राज्यघटना पाहिली तर ही रीत ठिकठिकाणीं दिसते. जर्मन भाषेनें ती आजही राखली आहे, आणि डॅनिश भाषेनें १९४८ सालीं टाकून दिली. म्हणून डॅनिश लोकांच्या घरांतील आजोबांची पत कमी झाली, असें कोणी म्हणणार नाहीं.

हें सारें आम्हीं वडील बंधूंस सांगितलें. तरी त्यांचें समाधान होईना. तेव्हां आम्हीं म्हटलें, “दादा, आपण ‘बाबा आले’ म्हणतों, पण ‘आई आली’ असें एकेरीच म्हणतों ना? त्यामुळें आईचा मान कधीं उणा झाला काय?” यावर दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

पत्राच्या मायन्यांत ‘डिअर ग्रँडफादर’ असें मोठें अक्षर घालून लिहिण्याची मोकळीक आहे, हें कळतांच मुलीनें त्याच सायंकाळीं ओसरीवर बसून माजघरांतील आजोबांस इंग्रजी पत्र लिहिलें. त्यांत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. दादांनीं त्यांतली एकही दुरुस्त केली नाहीं.