किल्ली कुणाच्या पदराला?

मागच्या दिवाळीत या सदरात मी फराळाच्या डब्यांविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनींचे लाडिक तक्रारीचे पत्र आले. "तुमचे लेख वाचून नेहमी भूक लागते. एकदा झोप उडेल असे काही लिहा की!" तेव्हाच ठरवले, यंदा भुतांवर लिहायचे. सणासुदीला हा कसला विषय, असे कुणी म्हणू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारिट फोडल्याशिवाय आपली दिवाळी तरी कुठे सुरू होते?

माझ्या लेकीला भयपटांचे वेड आहे. पुण्यात कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी आली की दिवे मालवून, उशी पोटाशी धरून हे चित्रपट पाहते आणि मध्यरात्री पाणी प्यायला जायचे म्हणून मलाच उठवते! एकदा मी चिडून म्हटले, "अगं, भीती वाटते तर पाहतेस कशाला?" तर म्हणाली, "आई, चांगल्या भयपटात भूत बाहेरून येतच नाही. घरच्यांनी जे पुरलेलं असतं, तेच वर येतं." एकोणीस वर्षांची पोर, आणि बोलणे पाहा! मी ते हसण्यावारी नेले. पण ते वाक्य पुढे मला थेट माझ्या माहेरी घेऊन गेले.

माझे माहेर सोलापूरचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. माहेर म्हटले की अंगण, तुळस आणि पारिजातक डोळ्यांपुढे येतो. तसले आमच्याकडे काही नव्हते. खाली यंत्रमागांचा कारखाना आणि वर बिऱ्हाड. वडील आणि काका मिळून टॉवेलांचा धंदा करीत. दिवसपाळी संपली की रात्रपाळी. धोट्यांची खडखड अखंड चालू. आलेला पाहुणा कानांत बोटे घाली आणि आम्हाला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. आठवड्याच्या सुट्टीला माग थांबले, की मात्र आम्हा मुलांच्या छातीत धडकी भरे. कारण मग 'ती' ऐकू येई.

गॅलरीच्या टोकाला, सुताच्या गोदामावर एक खोली होती. तिला सदा कुलूप. १९८६ साल, मी आठ वर्षांची. माग थांबलेल्या रात्री त्या खोलीतून कुणीतरी अंगाई म्हटल्यासारखे गुणगुणे. मध्येच हुंदका, मध्येच दारावर थाप. "तिथं बाई आहे," आजी सांगे, "दाराशी गेलात तर धरेल." आम्ही कशाला जातो! उलट धाकटा भाऊ दूध प्यायला कुरकुरला, की मीच त्याला त्या बाईचे नाव सांगून भिववीत असे.

त्या वर्षी दिवाळीला वडिलांनी भाड्याने व्हीसीआर आणला होता. कॅसेट होती 'हा खेळ सावल्यांचा'. वसंत जोगळेकरांचा १९७६ चा चित्रपट. आशा काळे यांची इंदू, काशिनाथ घाणेकर, आणि ज्याच्या नावाने तेव्हाची मुले दातखीळ बसल्यासारखी गप्प होत, तो नरसू. घरचे, शेजारचे, सारे सतरंजीवर दाटीवाटीने बसलो होतो. दिवाळीमुळे माग बंद. चित्रपट निम्म्यावर आला असेल नसेल, तोच गॅलरीच्या टोकाकडून थाप ऐकू आली. एक, दोन, तीन. आई ताडकन उठली आणि तिने व्हीसीआरच बंद केला. "बिघडला वाटतं," म्हणाली. आमची हिरमुसलेली तोंडे पाहूनही तिने तो पुन्हा लावला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या खोलीतले आवाज बंद झाले. कुलूप तसेच राहिले.

आमच्या घरात तेव्हा आणखी एक गोष्ट घडली होती. धाकट्या काकूचे बाळ बाराव्या दिवशी गेले आणि काकू माहेरी गेली, असे आम्हाला सांगण्यात आले. काकू माझ्या वेण्या फार सुरेख घाली. काही दिवस मी तिची वाट पाहिली. मग शाळा, परीक्षा, नवे सोबती, मूल विसरते. काका पुढे भिवंडीला गेले आणि तिकडेच वारले. काकूचे नाव मात्र घरात पुन्हा निघाले नाही. मीही विचारले नाही. आता वाटते, मला विचारायचे नव्हते.

तर २०२४ च्या गणपतीत आम्ही मायलेकी सोलापूरला गेलो होतो. त्याच आठवड्यात, १३ सप्टेंबरला, 'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट पुन्हा थिएटरांत लागला. लेकीने हट्टच धरला. आई सत्तरीला टेकलेली, पण म्हणाली, "कोकणातला वाडा दाखवलाय ना? मग मीही येते." दिग्दर्शक राही अनिल बर्वे, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेले. बीज नारायण धारपांच्या एका गोष्टीचे. एवढी मराठी पुण्याई मागे आहे म्हटल्यावर आईचीही हरकत नव्हती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोन्याच्या मोहरांच्या लोभाने एका घराची पिढ्यान्‌पिढ्या कशी नासाडी होते, त्याची ही कथा. या घरात एक म्हातारी साखळदंडाने बांधून ठेवलेली असते. घरातली बाई तिला जेवू घालते आणि दार लावून घेते. मुलांनी तिकडे फिरकायचे नाही. कित्येक वर्षांनी त्यांतला एक मुलगा मोठा होऊन त्या ओसाड घरात परत येतो. पाहतो तो म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले, आणि म्हातारी अजून जिवंत!

त्या क्षणी आईने माझा हात घट्ट धरला. मला वाटले, घाबरली. बाहेर येऊन रिक्षात बसलो. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जिवंत ठेवलं होतं गं तिला." मी म्हटले, "आई, सिनेमा आहे तो." तशी ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "आपल्याकडची पण जिवंतच आहे."

त्या रात्री गॅलरीत बसून आईने सारे सांगितले. बाळ गेल्यावर काकूची झोप उडाली. टॉवेलाचे गाठोडे करून ती त्याला मांडीवर थोपटी, अंगाई म्हणे. एकदा रात्रपाळीत चालू मागांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आजीचे म्हणणे, बाहेरची बाधा. तीनदा मांत्रिक आला, कडुलिंबाचे फटके झाले. वडिलांना कारखान्याच्या नावाची काळजी. आत्याचे लग्न व्हायचे होते. घरात वेड आहे असे कळले तर स्थळे येतील का? झाकली मूठ सव्वा लाखाची! मग ती खोली. तीन महिने. शेवटी काकूचा भाऊ अवचित भेटायला आला, त्याने आवाज ऐकला, दार उघडायला लावले आणि एक अक्षर न बोलता बहिणीला घेऊन गेला.

"सासूबाईंचा हुकूम होता, हे खरं," आई म्हणाली. "पण किल्ली माझ्या पदराला होती. कुलूप मीच लावत होते."

वाचकहो, मी भूत म्हणून जिला भ्याले, ती माझ्या वेण्या घालणारी काकू होती.

त्यानंतर मी भयपट निराळ्या नजरेने पाहू लागले. 'हा खेळ सावल्यांचा' शेवटपर्यंत पाहिला, तोही तेव्हाच. या वेळी नरसूचे भय वाटले नाही. भ्यालेल्या इंदूकडेच माझे लक्ष राहिले. कमाल अमरोहींचा 'महल' १९४९ चा. हवेलीतले ते झुलणारे गूढ भूत शेवटी माळ्याची जितीजागती मुलगी निघते. 'भूलभुलैया' २००७ चा, मूळ मल्याळी चित्रपट १९९३ चा. तिथे बंद खोली उघडल्यावर बाहेर येते ते एका सुनेच्या मनातले बालपणापासूनचे दुखणे. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त, २०१७ च्या, पूजा सावंतची गरोदर नायिका उसाच्या फडातल्या घरात जाते. तिथेही खरे भय बाईवर आणि तिच्या लेकरावर झालेल्या अन्यायाचेच आहे. आणि हे केवळ आपल्याकडचे नव्हे. शार्लट ब्रॉन्टीने 'जेन एअर' लिहिली १८४७ साली. त्या मोठ्या घराच्या वरच्या मजल्यावरून रात्री भेसूर हसणे ऐकू येते. ती असते घरधन्याची पहिली बायको, वेडी म्हणून कोंडलेली. काय म्हणावे! इंग्लंडातला वाडा आणि अक्कलकोट रोडवरचा कारखाना, दोहोंकडे कुलूप एकच.

पण या चित्रपटांशी माझे एक भांडण आहे. शेवटच्या रिळात भूत जळते किंवा निघून जाते, दिवे लागतात, आपण सुटकेचा श्वास टाकून घरी येतो. कुलूप कुणी लावले होते, हे फारसे कुणी विचारीत नाही. ते भुताने लावलेले नसते. ते सासूच्या हुकमाने, कर्त्या पुरुषाच्या अब्रूपायी आणि एखाद्या भल्या, पापभीरू सुनेच्या हाताने लागलेले असते. दुसरे असे की, आजारी माणसाचा चेहरा भयाण करून दाखवला, की पाहणाऱ्या पोरांच्या मनात आजाऱ्याचीच भीती बसते. माझ्या भावाच्या मनात ती मीच बसवली होती.

काकूला काय झाले होते, ते आज कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. हजार बाळंतपणांत एखाद-दुसऱ्या बाईला, बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच, हा तीव्र मनोविकार होतो. झोप जाते, भास होतात, भलत्या कल्पना खऱ्या वाटू लागतात. जिवावर बेतू शकते, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. आणि औषधाने बाई बरी होते. पूर्ण बरी होते. आमच्याकडे त्याला बाधा म्हणाले. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरला आहे. पण कायदा मांत्रिकाच्या हातातला फटका धरतो. पदरातली किल्ली ज्याची त्यानेच सोडवावी लागते.

२०२५ च्या जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, आई म्हणाली, "चल." अक्कलकोट तालुक्यातले कर्नाटकच्या सीमेलगतचे गाव. माझ्या माहेरापासून एसटीने फार तर दीड-दोन तासांची वाट. ती चालायला आम्हाला अडतीस वर्षे लागली. आईने बरोबर एक चादर घेतली होती आणि वाटभर तिची घडी नीट करीत होती.

काकूचे केस पांढरे झाले आहेत, बाकी चेहरा तोच. भावाने तिला तेव्हा गावी न नेता आधी सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेले होते. चार-सहा महिन्यांत ती बरी झाली. मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि गावातल्या पोरांच्या दोन पिढ्या तिने खेळवल्या. आमच्या घरात जिचे नाव काढायची चोरी होती, ती इथे गावभर 'मावशी' होती.

चहा झाला. बोलायचे कुणी आणि काय? शेवटी आईने तिचे हात धरले. रडू फुटल्यामुळे तिला नीट बोलता येईना. काकूच म्हणाली, "अक्का, तुम्ही ताट रोज गरम आणायचा. ते माझ्या ध्यानात आहे." आईने मान वर केली. काकू थोडी थांबली आणि त्याच शांत आवाजात म्हणाली, "पण दार लावताना कधी माझ्याकडं बघायचा नाही. तेबी ध्यानात आहे."

यावर काय बोलणार! आईने क्षमा मागितली. काकूने "माफ केलं" असे काही म्हटले नाही, नुसती चादर उलगडून अंगावर घेतली आणि बोटांनी विणीवरून हात फिरवून विचारले, "माग अजून चालू हायेत का?" भावाने जुने माग मोडीत काढून नवे घेतले, हे मी सांगितले. "आवाज कमी झाला असंल मग," ती म्हणाली.

त्या खोलीत आता नापास टॉवेलांचे गठ्ठे असतात. आईने कुलूप काढून टाकले आहे. लेकीने आजीला विचारले, "आता भीती नाही ना वाटत?" आई म्हणाली, "भीती तेव्हाही नव्हती गं. लाज होती."

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे झाडतो, कोपरे पुसतो, जुन्या ट्रंका उघडतो. वाचकहो, जमले तर एवढे करा. घरातल्या ज्या माणसाचे नाव निघाले की मोठी माणसे विषय बदलतात, ते नाव यंदा फराळाला बसल्यावर एकदा मोठ्याने घ्या. कदाचित ते माणूस एसटीच्या दोन तासांवर असेल.

यंदा दिवाळीला काकू आमच्याकडे यायची आहे. आईने फोनवर चारदा आग्रह केला, तेव्हा कुठे कबूल झाली. म्हणाली, "येते की. पण रात्री दार उघडं ठेवा, अक्का. थंडी वाजली तर चादर हाय माझ्याजवळ."